वहिनी आणि कापसाचा बोळा

आमच्या थोरल्या वहिनी कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघायच्या. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी वीस वर्षं येणारा माल तपासला होता. ती सवय घरातही शिरली. माझ्या साखरपुड्यात सासरच्यांनी दिलेलं घड्याळ त्यांनी सगळ्यांदेखत उलटं केलं, तेव्हा मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. घड्याळ आठवड्यात बंद पडलं, ही गोष्ट वेगळी.

कंपनीतली त्यांची लाइन बंद झाली, तसा वहिनींनी भोसरीत एक गाळा भाड्याने घेतला. एक टेबल, एक भिंग, सोल्डरिंगचं सामान आणि खरेदी अधिकारी म्हणून मी. हे पद मीच मला दिलं होतं. पहिलीच मोठी ऑर्डर आली ती बिटकॉइनच्या मायनिंगची. एका इंजिनिअरला त्याच्या मापाची, कमी आवाजाची यंत्रं बनवून हवी होती. ही यंत्रं नवी बिटकॉइन मिळवायला दिवसरात्र आकडेमोड करतात आणि त्यांची चिप त्या एकाच कामासाठी घडवलेली असते. बनवणारे आमच्यासारख्या किरकोळ लोकांना ती सुटी देत नाहीत. महिनाभर फोन करकरून मी एक व्यापारी गाठला. कोऱ्या करकरीत चिप्सची पेटी आली. मी पेढे आणले.

वहिनींनी पेढा बाजूला ठेवला, कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि एका चिपवर घासला. वरचं नाव पुसलं गेलं, खाली ओरखडे निघाले. जुन्या यंत्रांतून उपसलेला, रंग मारून नवं नाव छापलेला माल. त्यांनी एकेक करत सगळी पेटी तपासली. तोवर मी पेढ्यांवर झाकण लावलं होतं.

इंजिनिअर आला. "ताई, चालतायत ना? मग लावून टाका. मला तरी कुठं ठेवायचीत, पुढं विकायचीत."

मीही हळूच म्हटलं, ऑर्डर गेली तर गाळा जाईल.

"भावजी, गाळा गेला तर टेबल घरी नेता येईल," त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "जुन्याच लावते. पण प्रत्येक यंत्रावर 'आतली चिप जुनी आहे' असं लिहीन. चालेल?"

चाललं नाही. ऑर्डर गेली, दोन महिन्यांनी गाळाही. टेम्पोत सामान चढवताना मी रडवेला झालो होतो. वहिनी टेम्पोवाल्याला दोरी नीट बांधायला सांगत होत्या.

पुढे कितीतरी वर्षं त्या घराच्या गॅलरीत बसून इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त करत राहिल्या. आता लेकीकडे नाशिकला असतात.

गेल्या महिन्यात मी माझी स्कूटर विकायला काढली. घेणाऱ्याला ती पसंत पडली, चावीही त्याच्या हातात गेली, आणि माझ्याच तोंडून निघालं, इंजिन एकदा उघडलेलं आहे. त्याने चावी परत दिली. बायको दोन दिवस बोलली नाही. निदान एका माणसाकडून कौतुक होईल म्हणून मी वहिनींना फोन लावला. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं,

"आणि ब्रेकचं?"