फैसला संपल्याशिवाय उठायचं नाही

शनिवारी सकाळी लहू अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मैदानावर येतो, तो झोपून उठून नाही, झोपायचा राहून. रात्रभर डेटा सेंटरच्या गारठलेल्या खोल्यांत मशिनी सांभाळायच्या आणि त्यांची घरघर कानात घेऊन गाडी तशीच मैदानाकडे वळवायची. त्या दिवशीही तो तसाच आला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि लाइनीवर उभा राहिला. उभा म्हणजे काय, कुंपणाला टेकला.

पोरींच्या सॉकर टीमचा तो बिनपगारी असिस्टंट कोच. मुख्य कोच केली नावाची बाई, पण तिच्या गळ्यात बाकीच्याही टीम. ही टीम खरी ओळखतो तो लहूच.

लहू नागपूरच्या इंदोऱ्यातला. तिथे मॅच संपली की सगळे मातीत गोल करून बसायचे आणि वस्तीतलं एखादं मोठं माणूस एकेकाचा खेळ त्याच्या तोंडावर सांगायचं. काय चुकलं, काय जमलं, सगळं. मागून कुजबुज नाही. आणि फैसला संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही, मग घरून जेवायला कितीही हाका येवोत. ही चाल लहूने इकडे आणली. जिथे हरलेल्या पोरालाही 'गुड जॉब' म्हणून ज्यूसचं पाकीट देतात, तिथे. आईबापांनी आधी नाकं मुरडली. पोरींना मात्र ती आवडली. खोटं कौतुक पोरांना मोठ्यांच्या आधी कळतं.

त्या दिवशी सीझनची शेवटची मॅच होती. या टीममधली एकच पोरगी वरच्या टीममध्ये जाणार आणि कोण, ते लहूने सांगायचं, असं केलीने ठरवून दिलं होतं. नावं दोनच होती. एक अनया. दुसरी लहूची स्वतःची पोरगी, उपासना.

अनयाचे आजोबा म्हणजे गिरीशकाका. पुण्याचे, रिटायर्ड डॉक्टर, अमेरिकेत मुरलेले. दर शनिवारी थर्मास घेऊन येतात आणि पहिला कप लहूला देतात. माणूस वाईट नाही. त्या दिवशी कप पुढे करता करता म्हणाले, "लहूराव, आज तुम्हाला कसलं टेन्शन? सिलेक्शन कमिटी घरातच."

फोल्डिंगच्या खुर्च्यांवरची मंडळी हसली. "अहो, काहीतरीच काय," असं त्यांच्यातल्या रेखाकाकू म्हणाल्या, पण त्याही हसल्याच.

लहूही हसला. हा जोक त्याला पाठ होता. पॉलिटेक्निकला असताना, "तुझं काय बाबा, तुझी सीट पक्की." इकडे पहिल्या नोकरीत, आपल्याच देशाच्या मॅनेजरने आडनाव विचारून घेतल्यावरचं ते लांबलेलं "अच्छा, अच्छा." जोक एकच, नुसते कपडे बदलून मागे लागलेला. पूर्वी लहू अशावेळी कॉलर धरायचा. आता त्याने चहा प्यायला.

मॅच जिंकली. दोन्ही गोल अनयाचे. खुर्चीवर बसलेल्याला गोल दिसतो. लहूला गोलाच्या आधीचं दिसत होतं. दोन्ही वेळा उपासनाने मान वर करून मोकळी जागा हेरली होती आणि समोरच्या दोघींच्या मधून बॉल असा सरकवला होता, की अनयाने फक्त पाय लावायचा. बॉल हातचा गेला की मागे धावत येत होती तीही उपासनाच.

मग पोरी गवतावर गोल करून बसल्या. लहू मधे उकिडवा बसला.

"आरोही, तुझी किक जोरात आहे, पण तू बघत नाहीस. डोळे मिटून मारतेस आणि मग देवाला विचारतेस, बॉल कुठे गेला."

आरोही सगळ्यांच्या आधी हसली.

"गोलकीपरबाई, तुम्ही ओरडायचं असतं गं. तू तर लायब्ररीत बसल्यासारखी उभी होतीस. पण तो शेवटचा बॉल अडवलास ना, तो बेस्ट." मग अनयाकडे वळून, "तू वेळेवर पोचलीस. दोन्ही वेळा. स्ट्रायकरचं कामच ते."

उपासनाची पाळी आली. खुर्च्या जवळच होत्या आणि काकांचा कान इकडेच होता.

"पास उशिरा," लहू म्हणाला. "आज साधारण."

"पण लहूकाका," अनया म्हणाली, "दोन्ही गोल्सचे पास तिनेच दिले."

"मी बघितलं. चला, झालं."

उपासना बुटाची लेस सोडत राहिली. लहू उठला, केलीजवळ गेला, "अनया," म्हणाला आणि पार्किंगकडे चालू लागला.

अंजना, त्याची बायको, खुर्च्यांमधून आधीच उठून स्टिअरिंगवर येऊन बसली होती. रात्रपाळीनंतर मैदानावरून घरी जाताना ती त्याला गाडी चालवू देत नाही. त्याची गाडी मग दुपारी कुणीतरी आणतं. उपासना मागे येऊन बसली, पण अंजनाने किल्ली फिरवली नाही.

"साधारण?" ती म्हणाली.

"घरी चल. डोकं दुखतंय."

"पॉलिटेक्निकला तोंडी परीक्षेचा तो मास्तर आठवतो? आडनाव वाचून मार्क कापणारा? त्याच्या दारात धरणं धरून बसला होतास तू."

"त्याचं आता काय?"

"आज तू काय वाचून कापले?"

लहू उखडला. "मला भाषण नको देऊ, अंजना. सगळे टपून बसलेत तिकडे. पोरगी वर गेली तर जन्मभर म्हणतील, बापाने नेली. मी ऐकलंय आयुष्यभर. तिने काहून ऐकायचं?"

"म्हणून मग तिने वर जायचंच नाही. मस्त."

मागून उपासना हळूच म्हणाली, "बाबा, वॉज आय अ‍ॅक्चुअली बॅड?"

ती चिडून म्हणाली असती, तर लहूला बरं पडलं असतं. भांडता आलं असतं. पण तिने खरंच विचारलं होतं. तिला माहीत नव्हतं. बापाचा शब्द खरा धरून ती आपलाच खेळ आठवून आठवून तपासत बसली होती.

लहूने दार उघडलं. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून स्वतःला धुऊन-पुसून त्यांच्यासमोर उभं करायचं, हे काम तो इतकी वर्षं करत आला होता आणि रात्रपाळीपेक्षा त्यानेच तो जास्त थकला होता. आता होत नव्हतं.

मैदानावर पोरी अजून बॅगा भरत होत्या. केली कोन गोळा करत होती. "केली, मी चुकीचं नाव दिलं. थांब जरा," तो इंग्रजीत म्हणाला आणि पोरींकडे वळला. "बसा गं. फैसला राहिलाय."

पोरी बसल्या. मागून आलेली उपासनाही कडेला बसली.

"आज सगळ्यात चांगली उपासना खेळली. दोन्ही गोल तिने बनवले. मघाशी मी खोटं बोललो. वर ती जाईल."

अनयाचे डोळे भरले. "मी म्हटलं होतं ना," ती म्हणाली आणि मान खाली घालून गवत उपटत बसली. लहूला ते बघवेना, पण तो तिच्यासमोरून हलला नाही.

काका खुर्ची घडी करता करता थांबले. "लहूराव, दहा मिनिटांपूर्वी तर वेगळं होतं."

"तेव्हा तुम्हाला घाबरून बोललो, काका."

"मला? अरे, मी गंमत केली."

"हो ना. मला माहितीये."

काकांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. केलीने लहूकडे बघून नुसती मान हलवली, म्हणजे तिला ते आधीच ठाऊक असावं.

गाडी निघाल्यावर उपासना म्हणाली, "ओके. आता मिस्टेक्स सांग. रिअल वाल्या."

"डावा पाय," लहू म्हणाला. "डावा पाय तू नुसता टेकायला ठेवलायस. दुसऱ्या हाफला ती लांब पोरगी अंगावर आली ना, तेव्हा तू..."

वाक्य तिथेच राहिलं. त्याची मान खिडकीला लागली होती.

घरासमोर अंजनाने इंजिन बंद केलं. "चल, आंघोळ कर. झोपू दे त्याला."

"तू जा, आई," उपासना म्हणाली. "त्याचं संपलं नाहीये."

आणि ती तशीच, चिखलाचे बूट पायात, मागच्या सीटवर बसून राहिली.