तीनशे साठच्या दोन वाटा

परवा मुलीच्या शाळेत कुणीतरी ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि त्या वासानं मी थेट आर्णीजवळच्या आमच्या सातवीच्या वर्गात जाऊन पोहोचलो. तालुक्याच्या गणित स्पर्धेला एकच जण जाणार होता, म्हणून सरांनी मला आणि एका मुलीला फळ्याशी बोलावून ३६० चे मूळ अवयव पाडायला सांगितले. मी शिकवल्याप्रमाणे दोननं भागत निघालो. तिनं सरळ दहा गुणिले छत्तीस लिहिलं. "सर, हिचं गणित चुकून राह्यलं!" मी ओरडलो. "खालपर्यंत जाऊ दे तिले," सर म्हणाले. दहा आणि छत्तीस फोडत गेल्यावर शेवटी तिच्याकडे तीनदा २, दोनदा ३ आणि एकदा ५ उरले. माझ्याकडेही नेमके तेच. "काहून रे," ती हसली, "आर्णीवरून गेलं काय अन् राळेगाववरून गेलं काय, यवतमाळ बदलते काय?" सरांनी स्पर्धेला तिचंच नाव लिहिलं. शाळा सुटल्यावर मी एकट्यानं चार गुणिले नव्वद, सहा गुणिले साठ, असं सगळीकडून ३६० फोडून पाहिलं. एकदा तरी वेगळं निघावं म्हणून. निघालं नाही. पुढे त्याच सरांच्या कृपेनं घरातला पहिला पदवीधर झालो, तोही गणितात. पण इतकं हादरून पुन्हा काही शिकलो नाही.