शाफ्टच्या टोकावरचं नाव

कांबळेबाईंना पहिल्यांदा भेटणारा माणूस हमखास गडबडायचा. आमच्या वाळवा तालुक्यात नवा माणूस समोर आला की आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग पाहुणे म्हणजे सोयरे कोण ते. उत्तरं मनासारखी मिळाली की चहा येतो आणि कामाचं बोलणं चहानंतर निघतं. बाई ही वेळच येऊ देत नसत. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्या म्हणायच्या, "मी सुजाता कांबळे. माहेर मिरज. बौद्ध. डिप्लोमा मेकॅनिकल. ह्या लेथवर दुसऱ्या कुणाचा हक्क न्हाई. आता कामाचं बोला." बसावं की उभंच राहावं, याच विचारात समोरचा पडायचा.

इस्लामपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझी आणि बाईंची शेड लागून होती, मधली भिंत सामाईक. मी फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेला; तिथं शिकलेल्या वेल्डिंगवर गेट, खिडक्या, उसाच्या ट्रॉल्या करायचो. पलीकडं बाईंचा लोखंड कातायचा लेथ, एक शेपिंग मशीन आणि दोन कामगार. वडील मिरजेच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते, त्यामुळं लोखंडाचा वास बाईंना लहानपणापासूनचा. यजमान कऱ्हाडच्या एसटी डेपोत मेकॅनिक. साखर कारखान्यात उसाचा रस ओढणारे जे पंप असतात, त्यांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, बाई करायच्या. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्यांच्याविषयी बोलताना कुणी "गरीब स्वभावाची बाई" म्हणालं की माझं डोकं फिरतं. बाईंचा स्वभाव गरीब नव्हता. तसा असता तर ही हकिगत घडलीच नसती.

कारखान्याचं काम त्या काळी आमच्यासारख्यांना थेट मिळत नसे. ते विलासअण्णांकडं यायचं आणि अण्णा ते वाटून द्यायचे. बिल अण्णांचं, नाव अण्णांचं, घाम आमचा. अण्णा म्हणजे अर्ध्या तालुक्याचे पाहुणे. माझ्या बायकोच्या माहेरकडून माझेही लागत होते. माणूस तसा वाईट नव्हता. कुणाचं लग्न चुकवायचा नाही, कुणाची मयत चुकवायचा नाही. पण बाईंना एक सवय होती. शाफ्ट तयार झाला की त्याच्या टोकावर त्या अक्षरांच्या पंचनं आपलं नाव ठोकायच्या. एक दिवस अण्णांनी स्वतः येऊन सांगितलं, "बाई, ते नाव जरा घासून टाकत जावा. कारखान्यातल्या लोकांना उगंच प्रश्न पडत्यात."

प्रश्न कसला, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. बाईंनी हातातलं फडकं मशीनवर ठेवलं. "आवं अण्णा, शाफ्टला काय प्रश्न पडला न्हाई. त्यो गपगुमान फिरतोय. नाव घासायचं असंल तर शाफ्टबी दुसरीकडनं करून घ्या."

अण्णांनी तेच केलं. बाईंकडचं काम थांबलं. एक कामगार शिरवळच्या कंपनीत लागला, दुसरा अर्धा दिवस यायला लागला. शेतकऱ्यांच्या मोटारींचे, कडबाकुट्टीचे तुकडे-ताकडे करत बाई शेड चालवत होत्या. यजमानांशी बोलणं झालं होतं, पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर लेथ विकायचा. मी शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, "ताई, पाटीवर नुसतं एस. के. इंजिनिअरिंग लिहा की. कोण एस. के. हे कुणाला कळणार आहे?"

"भाऊ, फौजेत तुमच्या छातीवर नाव हुतं न्हवं?"

"होतं."

"ते कुणी झाकाय सांगितलं असतं तर?"

मी मुकाट्यानं भिंतीच्या माझ्या बाजूला आलो.

नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. सांगलीत नुकतंच एक इंटरनेटचं दुकान निघालं होतं. एका जिन्याखालची खोली, तीन संगणक, आणि फोन जोडला जाताना मांजरं भांडल्यासारखा आवाज. आमच्या वसाहतीला आठवड्यातून एक दिवस विजेची सुट्टी असायची. त्या दिवशी सगळे झोपा काढायचे, बाई एसटीनं सांगलीला जायच्या. साखर कारखान्यांच्या इंजिनिअरांचा ईमेलवर एक गट होता. एकानं प्रश्न टाकला की तो सगळ्यांना पोचायचा. मद्रासकडचे, गुजरातचे, थेट मॉरिशसचेही लोक त्यात होते. बाई प्रश्न छापून घरी आणायच्या, आठवडाभर विचार करायच्या आणि पुढच्या सुट्टीला उत्तर टाइप करून यायच्या.

मला हसू यायचं. "इथं वसाहतीत कोण विचारत नाही, आणि तुम्ही जगाला पत्रं लिहिताय."

"वसाहतीनं मला पाहुणे इचारले. त्यांनी शाफ्ट इचारला. मग कुणाशी बोलू?"

त्या गटात येणारा प्रत्येक जण आधी पदव्या सांगायचा, मग आपण काय काय मोठं केलं ते. बाईंनी पहिल्याच पत्रात आपलं फसलेलं काम लिहिलं. शाफ्ट झिजू नये म्हणून त्यावर एक नळी चढवतात, तिला स्लीव्ह म्हणतात. बाईंच्या काही शाफ्टांत रस त्या स्लीव्हखाली शिरला आणि आतल्या आत त्यानं लोखंड खाल्लं. आपण कुठं चुकलो, नंतर काय बदललं, हे त्यांनी सविस्तर लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की, मी स्वतःच्या नावानं काम करते, दुसऱ्याच्या नावाखाली करत नाही, त्यामुळं सध्या काम कमी आहे आणि उत्तर द्यायला वेळ आहे.

मला ते वाचून दाखवल्यावर मी कपाळाला हात लावला. "ताई, स्वतःची फजिती सांगून कोण काम देतं?"

"काम मागाय गेलीया कोण? ज्येचा शाफ्ट असाच खाल्ला असंल त्यो बोलंल. बाकीच्यांशी मला बोलायचंच न्हाई."

असा त्यांचा खाक्या. सणाला सगळ्यांना एकच शुभेच्छा पाठवणं नाही, की मोठ्या पदाचा माणूस दिसला म्हणून लगट नाही. येत नसेल तर "मला माहीत नाही" असं सरळ लिहायच्या. गुजरातच्या माणसाची अडचण मॉरिशसच्या माणसाला सुटलेली दिसली की दोघांची गाठ घालून द्यायच्या आणि स्वतः बाजूला व्हायच्या. त्यात तुमचा काय फायदा, असं मी विचारायचो. त्या म्हणायच्या, "वळख सांगून व्हत न्हाई भाऊ, कामाला येऊन व्हती. येळ लागतो. लागू दे."

मद्रासकडच्या एका कारखान्यातले रंगनाथन नावाचे इंजिनिअर बोलले. त्यांचेही शाफ्ट तसेच खाल्ले गेले होते. वर्षभर पत्रं चालली. नकाशे आले-गेले, एकदा कडाक्याचं भांडणही झालं, त्यात रंगनाथनांनी माघार घेतली आणि पुढच्या वेळी बाईंनी. दिवाळी तोंडावर आली असताना त्यांचं पत्र आलं की, मी येतोय, तुमचं काम बघायचं आहे.

ते ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच आले. मिरजेला उतरून एसटीनं इस्लामपूर स्टँडवर आले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, साखर कारखान्याचे शाफ्ट करणारं वर्कशॉप. पुढं बाईंचं नावही सांगितलं असणार, पण आमच्या रिक्षावाल्यानं ते ऐकून घ्यायची गरज काय? एवढ्या लांबून, हातात बॅग घेऊन आलेला साहेब अण्णांचाच असणार. त्यानं पाहुण्याला नेऊन अण्णांच्या दारात उतरवलं. आणि अण्णांकडं आलेला माणूस कोण, कुठला हे विचारण्याआधी पाट मांडायची रीत. तांबडा रस्सा झाला होता. रंगनाथन शाकाहारी. त्यांनी दहीभात खाल्ला आणि जेवताना दोनदा विचारलं, "मॅडम?" अण्णांच्या माणसांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि आणखी भात वाढला.

अण्णांच्या गेटचं माप घ्यायला मी नेमका त्याच वेळी गेलो. बघतो तर पाहुण्याच्या मांडीवर बाईंच्या हातची नकाशाची घडी. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला कांबळेबाई हव्यात का?" अण्णांना क्षणात सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. पाहुण्याला गोड आवाजात म्हणाले, "वो मॅडम हमारे पास ही काम करती है. आप ऑर्डर हमको दीजिए, एक ही बात है."

बाईंचा लेथ त्या एका वाक्यावर टांगला होता.

रंगनाथनांनी हात धुतले, रुमालानं पुसले. मोडक्या हिंदीत, अगदी शांतपणे म्हणाले, "त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिलंय की त्या कुणाच्या नावाखाली काम करत नाहीत. एक वर्ष मी त्यांना वाचतोय. तुम्ही आज भेटलात." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मला पोचवाल का?"

मी त्यांना स्कूटरवर घातलं. अण्णांच्या गेटचं काम मला मिळालं नाही आणि त्यानंतर दुसरंही कुठलं मिळालं नाही. माझ्या बायकोनं माहेरच्या वतीनं माझ्याशी आठ दिवस अबोला धरला. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

बाई लेथवर होत्या. चालू असलेला काप पुरा होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग हात पुसून नमस्कार केला, कोपऱ्यातून खराब झालेला जुना शाफ्ट ओढून काढला आणि म्हणाल्या, हा आधी बघा. दोघं जमिनीवरच बसले. अंधार पडेपर्यंत त्यांचं इंग्रजी, हिंदी आणि हातवारे असं काहीतरी चाललं होतं. जाताना रंगनाथनांनी पहिलं काम देऊन टाकलं. मोठं नव्हतं, पण लेथ राहिला.

पाहुण्याला लॉजवर सोडून बाई तडक अण्णांकडं गेल्या. मी मागं होतोच. दारातूनच म्हणाल्या, "अण्णा, माझ्या पाहुण्याला जेवू घातलंसा, लय उपकार झालं. फुडच्या खेपंला माझा पाहुणा माझ्या घरात जेवंल. तुमीबी या तवा. तांबडा रस्सा आमीबी चांगला करतो." अण्णा कधी त्यांच्या घरचं पाणी प्यालेले नव्हते.

पुढं हळूहळू बाईंकडं दोनच्या ठिकाणी पाच कामगार झाले. अशातच एक दिवस अण्णांचा मुलगा अभिजित आला. नुकताच इंजिनिअर झाला होता, गिअर करण्याचं नवं मशीन घेऊन बसला होता आणि बापाच्या ओळखी संपल्या की पुढं काम कुठून आणायचं ते त्याला कळत नव्हतं. "ताई, रंगनाथन साहेबांना माझ्याबद्दल एक शब्द लिहा," म्हणाला. मला वाटलं, आता याला बाई दारातूनच परत पाठवतात. त्या म्हणाल्या, "आधी काम दाव." त्याचं मशीन, त्याचे गिअर त्यांनी दोन वेळा जाऊन तपासले. मग विजेच्या सुट्टीला आम्ही तिघं सांगलीला गेलो.

बाई टाइप करत होत्या, अभिजित मागं उभा राहून वाचत होता. त्यांनी लिहिलं की, याचे गिअर मी स्वतः मोजले आहेत, काम चांगलं आहे, पण वेळ पाळत नाही. याच्या वडिलांनी मला माझ्या शाफ्टवरचं नाव घासायला सांगितलं होतं. यानं तसं कधी कुणाला सांगितलेलं मला माहीत नाही.

अभिजितचा चेहरा लाल झाला. "ताई, वडलांचं कशाला? आणि वेळेचं तरी नको."

बाई खुर्ची फिरवून त्याच्याकडं वळल्या. "अभिजित, त्यो माणूस माझं का ऐकतो, सांग बरं? मी त्येची पाहुणी न्हाई, जातीची न्हाई, भाषेची न्हाई. आजपतोर त्येला एक गोष्ट खोटी लिवली न्हाई, एवढंच माझ्याजवळ हाय. ते तुझ्यापायी मोडू? मोडलं तर माझं नाव जाईल, आन् तुझ्याबी कामाला येणार न्हाई. बोल, पाठवू का सगळंच पुसू?"

दुकानातला पंखा फिरत होता. मधेच फोनची लाइन तुटली आणि मांजरं भांडल्याचा आवाज करत पुन्हा जोडली गेली. पोरगा अण्णांचा होता. आजवर शब्द टाकला की काम होतं एवढंच त्यानं घरात पाहिलेलं. तो उठून जाईल असं मला खरंच वाटलं.

"पाठवा," तो म्हणाला. "पण ते वेळेचं मी खोटं पाडणार."

"पाड," बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं. "पाडलंस की तेबी लिहीन."