नारबोदीसोबत गेलेलं रजिस्टर

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार. पहाटे साडेपाचला नारबोद गेली. पाऊस नाही, तलावावर धुकं. सात वाजता घरी परत. नूतन पुण्याला गेली.

गीताबाईंनी सकाळी एवढंच लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. रोज लिहायचं, खोटं लिहायचं नाही, असं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं होतं, त्याला बासष्ट वर्षं झाली. सगळं लिहायचं, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.

नूतन त्यांची सून, नवेगाव बांधच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगा गजेंद्र चार वर्षांपूर्वी कोहमाऱ्याजवळ ट्रकखाली गेला. तेव्हापासून घरात दोघीच. सुनेनं कुठे जायचं नाव काढलं की गीताबाईंचं बीपी वाढे. खरोखर वाढे, मशीनवर दिसे.

नूतनला एक नाद होता. फार दूरच्या एका ताऱ्याला अगदी खेटून एक ग्रह फिरतो, त्याचं वर्ष आपल्या तीन दिवसांचं. दुर्बिणीनं टिपलेला त्या ताऱ्याचा उजेड इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो. तारा कधी भडकला आणि तेव्हा ग्रह कुठे होता, हे ती सहा वर्षं एका जाड रजिस्टरात लिहीत होती. पुण्याच्या एका संस्थेनं तिला सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं. रजिस्टर सोबत आणा, असं कळवलं होतं.

पोळ्याच्या संध्याकाळी तांदूळ निवडताना गीताबाईंनी विचारलं, "इतकं जवळ राहून त्या ग्रहाला मिळतं काय?"

"मिळत नाही, जातं. तारा त्याची हवा उडवून लावतो, सुपातल्या कोंड्यासारखी. मागे तिचं शेपूट दिसतं. आणि ग्रहाचं तोंड कायम ताऱ्याकडे. एका बाजूला कधी रात्र नाही, दुसरीला कधी दिवस नाही."

"आणि ताऱ्याला काहीच नाही?"

"त्यालाही ग्रह ओढतोच ना. त्याच्या अंगावर भरती येते. कधीकधी त्याची गिरकीच वाढते. माझा तारा तर ग्रह एका ठरावीक जागी आला की जास्त भडकतो, असं दिसून राहिलं. ते खरं की योगायोग, हेच तिथं तपासायचं आहे."

"म्हणजे दोष ग्रहाचा."

"दोष कुणाचाच नाही, आई. जवळ असल्याचा परिणाम."

"मग मी मेल्यावर जा पुण्याला."

"तुम्ही लगेच मरून राहिल्या का?" नूतन हसली. "माझं तिकीट उद्याचं आहे."

गीताबाई हसल्या नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पळसाच्या फांद्यांची नारबोद गावाबाहेर नेतात. गावची पीडा तिच्यासोबत जाते, आणि घराघरांतली तुटकी सुपं, झिजलेले झाडूही. शिवेपलीकडे पडलेली वस्तू कोणी परत गावात आणू देत नाही. गीताबाई असलं काही मानत नव्हत्या. तरी त्या पहाटे त्यांनी रजिस्टर फाटक्या लुगड्यात गुंडाळलं, वर झाडू बांधला आणि नारबोद नेणाऱ्या भैयाजींच्या हातात दिलं. "घेऊन जा गे नारबोद!" अशी आरोळी गल्लीतून लांब गेली.

नूतन उठली, तर टेबल रिकामं. तिनं सासूच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. हातात मोबाइल होता तेवढाच, तशीच आरोळीच्या दिशेनं धावली. गीताबाईही मागून निघाल्या.

त्या शिवेवर पोचल्या तेव्हा नूतननं पलीकडच्या ढिगातून रजिस्टर ओढून काढलं होतं. भैयाजी रस्त्यात हात पसरून उभे होते.

"पीडा घेऊन गावात येतं का कोनी, पोरी? टाक ते."

"ही पीडा नाही, काका. माझं काम आहे."

"मंग नारबोदीत काऊन आलं?"

नूतननं सासूकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"टाक आणि घरी चल," गीताबाई म्हणाल्या. "चहा ठेवते."

"माझी बॅग आणून द्या."

"घरी येऊन घे."

रजिस्टर परत येणार नाही, हा त्यांचा अंदाज बरोबर होता. रजिस्टर नसलं की पुणं नाही, इथवर त्यांनी विचार केला होता. नूतनच शिवेपलीकडे राहील, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

नूतननं रजिस्टर ओढणीत बांधलं. "एक सांगते, आई. गजेंद्रनं बदलीचा अर्ज लिहिला होता. त्या दिवशी तोच द्यायला गोंदियाला निघाला होता. तुमच्यापासून लांब जायचं होतं त्याला. मी चार वर्षं बोलले नाही."

"खोटं आहे."

"मंग खोटं हाय असं लिहा ना डायरीत. तुमाले तं रोज लिहाची सवयच हाय."

कोहमाऱ्याकडे जाणारी काळीपिवळी जीप थांबली. नूतन चढली. मागे वळून पाहिलं नाही.

"चला बाई," भैयाजी म्हणाले. "नारबोद टाकली का मांगं पाहाचं नसते."

गीताबाई मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिल्या. घरी येऊन त्यांनी बीपी मोजलं. नॉर्मल होतं.

दिवसभरात त्यांनी डायरी तीनदा उघडली. गजेंद्रच्या अर्जाबद्दल एक शब्द लिहिला नाही. दिवेलागणीला सकाळच्या ओळींखाली त्यांनी लिहिलं:

गॅस संपला. भरलेलं सिलिंडर आहे, पण मला लावता येत नाही. मुरमुरे खाल्ले.