शेवटच्या रांगेतला हात

वत्सला मॅडम गेल्याची बातमी आली तेव्हा मी बोईसरच्या एका छापखान्यात पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. वाणगावहून राकेशचा फोन. आमच्या नाटकात तो ढोलकी वाजवतो. मशीन धडधडत होतं आणि तो काहीतरी पुटपुटत होता. मी ओरडले, "आवाज येतोय, ऐकू येत नाय!" तो एकदम रडायलाच लागला... हे वाक्य मॅडमचं. त्याला वाटलं, मी त्यांची नक्कल करतेय.

त्यानंतर त्यांच्याबद्दल बरंच छापून आलं. ऋषितुल्य काय, मायेची सावली काय! ज्यांनी हे लिहिलं ते त्यांच्या तालमीला कधी आले नसावेत. मॅडम चिडक्या होत्या. पाठांतर झालं नसेल तर हातातली संहिता ओढून घ्यायच्या. पालघरच्या कॉलेजात निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलं, नाटकावर प्रबंध लिहिला, पण त्याच्याबद्दल विचारलं की म्हणायच्या, तो झोप येत नसेल तेव्हा वाच. तरुणपणी मुंबईत नाटकांत कामं करायच्या. सगळं सोडून किनाऱ्यावरच्या आपल्या वाडीत परत का आलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तिकडे मला आईच्याच भूमिका मिळत होत्या. इथे खरी आई आजारी होती. आणि तिचे संवाद जास्त बरे होते."

मी बोईसरजवळच्या सरावलीची. बाबा खानदेशातून इथल्या केमिकल कारखान्यात आले आणि इथलेच झाले. मी मॅडमच्या कॉलेजात गेले तोवर पाण्यासाठी पत्रकांवर पत्रकं लिहिली होती आणि कारखान्यांच्या गेटवर भाषणं ठोकली होती. माझा आवाज मोठा आहे याचा मला अभिमान होता. पहिल्या तालमीत मी तो सगळा काढला. मॅडम दिग्दर्शकासारख्या पुढे बसत नसत. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायच्या आणि काही पटलं नाही की नुसता हात वर करायच्या. माझ्या दुसऱ्याच वाक्याला हात वर गेला. वर्गात त्यांची मराठी कशी इस्त्री केलेली असायची, पण तालमीत घरची बोली बाहेर यायची. "आवाज येतोय. ऐकू येत नाय." मी आणखी जोरात बोलले. हात वरच.

नंतर मी नाल्यावर नाटक लिहिलं. आमच्या नाल्याच्या पाण्याचा रंग कारखान्यांत त्या त्या दिवशी बनणाऱ्या मालाप्रमाणे बदलतो, त्यावर. त्यात कारखान्याचा मॅनेजर म्हणजे राक्षस, दात विचकणारा. मॅडमनी वाचलं आणि मॅनेजरची भूमिका मलाच दिली. मी तणतणले. आम्ही मोर्चा काढणारी माणसं, त्याचं तोंड मी का होऊ? त्या म्हणाल्या, "तू त्याला लिहिलंयस. त्याचं ऐकलं नायस." आणि त्याच्यासाठी स्वतः एक वाक्य लिहून माझ्या हातात दिलं: "ताई, कारखाना उद्या बंद करतो. परवा तुझ्या वडिलांना काय सांगशील?"

सरावलीच्या मैदानात प्रयोग झाला. बाबा त्यांच्या पाळीतल्या लोकांना घेऊन आले होते. मी ते वाक्य बोलले. घरी जाताना बाबा म्हणाले, "मॅनेजर चांगला केलास. पण त्याला उत्तर कोणीच दिलं नाही." मी दुसऱ्या दिवशी मॅडमशी कडाकडा भांडले. तुम्ही आमचीच बाजू पाडलीत, म्हणाले. त्या चहा ओतत होत्या. "मग दे ना उत्तर. जिथे द्यायचं तिथे दे." पुढे जनसुनावणीत एका साहेबांनी मला जवळजवळ तेच वाक्य ऐकवलं. मला घाम फुटला नाही, कारण मी ते तोंडपाठ केलं होतं. मी म्हणाले, बंद करा असं कोण म्हणतंय? पाणी साफ करून सोडा म्हणतोय. नाला अजून रंगीतच आहे. म्हणजे नाटकाने काय बदललं, हे भांडण अर्धंच राहिलं आणि आता ते कोणाशी करू?

त्या निवृत्त झाल्या आणि कॉलेजने तालमीच्या जुन्या हॉलला कुलूप लावलं. छप्पर धोक्याचं आहे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, वगैरे. छप्पर दुरुस्त करायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. तेव्हापासून आमच्या तालमी सरावलीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर होतात, शेजारून ट्रक जात असतात. मॅडम आपली खुर्ची घेऊन तिथेही सगळ्यात मागे बसायच्या. शेवटची भेट झाली तेव्हा त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. "कुलूप निघालं?" मी नाही म्हटलं. "मग बोल की. पण ओरडू नको."

शोकसभा कॉलेजच्या नव्या, एसी हॉलमध्ये झाली. प्राचार्यांनी जाहीर केलं की जुन्या हॉलला मॅडमचं नाव देणार, संगमरवरी पाटी तयार आहे. टाळ्या! कुलपाबद्दल अवाक्षर नाही. माझं नाव यादीत नव्हतं, तरी मी माइकपाशी गेले आणि सुरू झाले. ढोंगी, निर्लज्ज, सगळं काढलं. समोरची माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. सवयीने माझी नजर शेवटच्या रांगेवर गेली. तिथे दोन पोरं मोबाइल बघत होती. हात नव्हता... मी थांबले. माइक बाजूला केला. आधी प्राचार्यांची बाजू मांडली, चांगली मांडली: छप्पर खरंच वाईट आहे, एखाद्या मुलाच्या डोक्यात पडलं तर लोक यांनाच धरतील. मग मी म्हणाले, "म्हणून आधी छप्पर करा, कुलूप काढा आणि मग पाटी लावा. पाटीला तालीम करता येत नाही." मोबाइलवाल्या दोघांनी माना वर केल्या. प्राचार्य म्हणाले, "बघू." मी त्यांना सांगितलं की हे मी त्यांच्याकडून आलेलं उत्तर धरत नाही, पुढच्या आठवड्यात परत येते. दोनदा जाऊन आले. हे लिहीपर्यंत कुलूप तिथेच आहे.

प्लॉटवर तालमी चालू आहेत. मॅडमची खुर्ची मागे रिकामी असते, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण आम्ही ती रिकामी ठेवत नाही. ज्याचा प्रवेश नसेल तो जाऊन बसतो. परवा बाबा पाळी संपवून आले आणि दमून तिथेच टेकले. कारखान्यातल्या कंप्रेसरच्या आवाजात त्यांचे कान निम्मे गेलेत. मी पहिली दोन वाक्यं बोलले असेन-नसेन, त्यांनी हात वर केला.

मी पहिल्यापासून सुरू केलं.