मेलेल्या माणसाची गाडी

आमचे घरवाले, हमदमजान, ओश शहरातल्या एका शाळेत सुतारकाम शिकवतात. लोकांच्या घरी खुर्चीचा पाय डुगडुगला तरी यांना चैन पडत नाही. स्वतःच्या घरचे कागद मात्र सदा अर्धवट!

मे महिन्यात अंदिजानहून फोन आला. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी आठवडाभराची मुदत दिली होती. अंदिजान तासाभरावर, पण मधे दोन देशांची सीमा. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, चार पावलांवर बसायला लागतं. "गाडीनं नेतो, अया. या दारातून त्या दारात," हे आईला म्हणाले.

पहिल्या दिवशी पलीकडचा विमा नाही म्हणून नाक्यावरून परत. दुसऱ्या दिवशी विमा होता, तर गाडीच्या तपासणीचा कागद मुदतीबाहेर. दोन्ही दिवस सासूबाई ठेवणीतलं रेशमी घालून, मांडीवर नान-रोट्यांचं गाठोडं घेऊन, मागच्या सीटवर तीन-तीन तास उन्हात बसल्या. संतापानं माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

तिसऱ्या दिवशी सगळे कागद जमले. गाडी पलीकडे न्यायचा तात्पुरता परवाना देणारा अधिकारी तरुण होता, बोलायलाही गोड.

"गाडी तुमच्या नावावर नाही, अका."

"मुखत्यारपत्र आहे की, भाऊ."

आमच्याकडे हे असंच चालतं. गाडी घ्यायची, हातात हात द्यायचा, मुखत्यारपत्र करून घ्यायचं आणि नावावर करायचं आज-उद्यावर ढकलायचं. यांनी आठ वर्षांपूर्वी एर्गाश नावाच्या दोस्ताकडून गाडी घेतली. दर तीन वर्षांनी मुखत्यारपत्र नवं करायला त्याला घेऊन जायचे. तेवढ्याच खेपेत नावावर झाली असती!

अधिकाऱ्यानं कागद उलटसुलट पाहिला. "मुदत आहे, शिक्के आहेत. मालक कोण म्हणालात?"

"रहमतली एर्गाश," हे म्हणाले आणि दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

गेलेल्या माणसाचं नाव 'रहमतली' लावल्याशिवाय आमच्यात कुणी घेत नाही. पण त्या खिडकीपुढे?

अधिकाऱ्याचा शिक्का हातातच राहिला. "वारले?"

"जानेवारीत. मी खांदा दिला."

"मग हे मुखत्यारपत्रही संपलं, अका. आता गाडी आधी वारसांच्या नावावर होणार, मग ते तुम्हाला लिहून देणार. सहा महिने तरी धरा."

"अहो, मावशीला आठवडा सांगितलाय!"

"मी काय करू? तुम्ही बोलला नसता तर..." उरलेलं वाक्य त्यानं गिळलं.

गाडीत बसल्याबसल्या मी तोंड सोडलं. "जीभ आवरता येत नव्हती? नुसतं एर्गाश म्हणायचं!"

"तो जिवंत असल्यासारखं बोलू? त्याच्या बायकोला काय तोंड दाखवू?"

"आणि मावशीला काय दाखवणार?"

"भांडू नका रे," मागून सासूबाई म्हणाल्या. "पायी जाणाऱ्यांचं फाटक आहे ना? त्यानं चला."

फाटकाशी सामान ढकलगाडीवरून नेणारे उभेच असतात. "आजीला कांद्याच्या पोत्यांवर बसवा, मऊ लागेल," एकजण हसत म्हणाला. यांनी रिकामी ढकलगाडी मागून घेतली, अंगातला कोट काढून तिच्यात अंथरला, आईला उचलून बसवलं आणि स्वतः ढकलायला लागले. कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून सासूबाईंनी सगळी वाट रुमाल चेहऱ्यावर ओढून धरला होता. जी बाई कधी शेजाऱ्याच्या गाढवावरही बसली नाही, तिची ही तऱ्हा! मला यांचा राग येत होता, त्या कागदाचा येत होता आणि मेलेल्या एर्गाशचासुद्धा येत होता. पासपोर्टाच्या खिडकीवर तीन मिनिटांत शिक्के पडले. ढकलगाडी कुणाच्या नावावर आहे, हे कुणीही विचारलं नाही.

पलीकडून टॅक्सी केली. मावशी शुद्धीवर होत्या. बहिणीचा हात त्यांनी चाचपून धरला.

"कशी आलीस गं, आपा? तुला तर चालवत नाही."

"गाडीनं आले. मुलानं स्वतः चालवत आणलं."

"खरंच? कुठं आहे? दिसते का इथून?" मावशींनी मान खिडकीकडे वळवायचा प्रयत्न केला.

मी यांच्याकडे पाहिलं. हे दाराशीच उभे होते.

"गल्लीत लावलीय, खाला. तुतीच्या सावलीत," हे म्हणाले, आणि अंगणात निघून गेले.