टाकी जेवली का?

मैलासरांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला ते आधी संडास दाखवत आणि मग बसायला सांगत. माधवनगरच्या टोकाला, गिरणीचा भोंगा थेट कानावर येईल अशा जागी त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पाहुणा चपला काढायला वाकला की सर म्हणत, "राहू द्या, राहू द्या. आधी मागं चला." मागच्या अंगणात धुऊन लख्ख ठेवलेला संडास, त्याला लागून जमिनीत बांधलेली विहिरीसारखी गोल टाकी आणि टाकीवर उपडा घातलेला लोखंडी ड्रम. "ही आमची टाकी. या घरात आधी हिचं जेवण, मग आमचं." ड्रममधून निघालेली नळी बोटानं दाखवत दाखवत ते पाहुण्याला स्वयंपाकघरात आणत आणि शेगडी पेटवत. निळी, स्थिर, अजिबात आवाज न करणारी ज्योत. पाहुणा ज्योतीकडे बघे, मग मागच्या दाराकडे बघे. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटे, ते पाहण्यासाठीच सर हा सगळा खटाटोप करत असावेत. कारण त्यानंतर ते मोठ्यानं हसत आणि आत हाक मारत, "अगं, चहा टाक. पाहुणे घाबरलेत."

सांगलीच्या कॉलेजात आम्ही दोघंही रसायनशास्त्र शिकवत होतो. ते माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. शेण आंबवून गॅस करण्यावर त्यांचं संशोधन चाले म्हणून पोरांनी त्यांचं नाव 'शेणसर' पाडलं होतं. एकदा वर्गात शिरताना त्यांनी ते फळ्यावर लिहिलेलं पाहिलं. त्यांनी खडू उचलला, 'शेण' खोडलं आणि तिथं 'मैला' लिहिलं. म्हणाले, "नाव ठेवायचंच तर नीट ठेवा. शेण हा माझा निम्माच विषय आहे." झालं, तेव्हापासून ते मैलासर. प्राचार्यसुद्धा चुकून एकदा तसं म्हणून गेले होते.

त्यांच्या प्रयोगशाळेत 'घाण' हा शब्द बंद होता. कोणी बोललंच तर त्याला थांबवून ते दुरुस्त करायला लावत. शेण, संडासातला मैला, गिरणीत झाडून काढलेला कापसाचा कचरा, खानावळीतलं खरकटं, या सगळ्याला त्यांचा एकच शब्द होता: जेवण. सकाळी मी कॉलेजात भेटलो की नमस्कार-चमत्कार नाही. मी विचारायचं, "सर, टाकी जेवली का?" आणि त्यांनी सांगायचं, "जेवली. पण काल कापूस जास्त झाला, पोट बिघडलंय." टाकीचं पोट बिघडलं हे त्यांना नाकानं कळे. ड्रमजवळ उकिडवं बसून ते डोळे मिटून श्वास घेत. "आंबट येतोय बघ. चुन्याची निवळी दे तिला." मला कधीच कसला फरक कळला नाही. मी आपली मान डोलवत असे.

त्यांचं मूळ गाव वाईकडचं. घराणं पूर्वी गावातली मेलेली जनावरं ओढणारं. छप्पन साली वडिलांनी बौद्ध धम्म घेतला आणि त्याच दिवशी ते काम टाकलं. सरांचा हा गॅसचा नाद ऐकून म्हातारा सांगलीला आला होता. मी तिथंच बसलो होतो. टाकी पाहून तो खाली बसला आणि म्हणाला, "आमी घाण सोडली, तवा गाव अंगावर आला हुता. आन् तू एवढं शिकून परत तिकडंच चाललास व्हय रं?"

त्या दिवशी 'घाण' शब्दाबद्दल सर वडिलांना काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, तुम्हाला ते करायला लावत होते. मी स्वतः करतोय. आणि सगळ्या गावाचं एकाच टाकीत गेलं ना, तर डोक्यावर मैल्याची पाटी घेऊन जायला कुणीच लागणार नाही."

म्हातारा म्हणाला, "गाव एका टाकीत? बघू. तुझं तू बघ."

सरांची आई मात्र खूश होती. तिचा सारा जन्म चुलीच्या धुरात गेलेला. शेगडीसमोर बसून ती ज्योतीजवळ पुन्हा पुन्हा हात न्यायची. "धूर न्हाई, मग जाळ कसला म्हनायचा ह्यो?" आणि चटका बसला की हसायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे ते दिवस. पुढं रॉकेलची टंचाई आली. दुकानापुढं डबे घेऊन बायका उभ्या असायच्या. आमचं गाव वडूजच्या बाजूचं, कोरडवाहू. तिथं जळणाला बाभळीची काटकीही उरली नव्हती आणि शेतात पडायचं शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात होतं. गावात मुलांचं एक बोर्डिंग होतं. त्या बोर्डिंगचे संडास टाकीला जोडायचे आणि गॅसवर मुलांचा स्वयंपाक करायचा, ही कल्पना सरांची. पण "आमच्या गावात करू" हे वाक्य माझं. माझे वडील गावात वजनदार होते आणि त्यांनी जागा दिली. पल्टनीतून सुभेदार होऊन आलेल्या चुलत्यांनी लोकांची समजूत घातली. कॉलेजनं या एका प्रयोगापुरती मदत मंजूर केली होती. तो चालला तर तालुक्यातली आणखी बोर्डिंगं घ्यायची, नाही तर विषय बंद, असं स्पष्ट सांगितलं होतं. सर सुट्टीत तिथंच राहिले, गवंड्याच्या हाताखाली विटा देत. आम्ही दोघं शाळेच्या व्हरांड्यात झोपायचो. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. 'आमच्याकडे राहायला चला' असं म्हणायची वेळ त्यांनी माझ्यावर आणली नाही आणि मीही आपणहून ते बोललो नाही.

शेगडी पेटवायचा दिवस सोमवार होता. बोर्डिंगच्या पटांगणात गाव जमलं. बोर्डिंगचा आचारी "माझ्या हातनं व्हनार न्हाई" म्हणून बाजूला झाला, तेव्हा सरांनी स्वतः चहाचं पातेलं चढवलं. ज्योत पेटली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिला कप मी घ्यायचा, हे ठरलेलं होतं. मीच ठरवलं होतं. "गावातला माणूस प्याला की गाव पिईल," असं मीच त्यांना सांगितलं होतं.

सरांनी कप भरला आणि माझ्यापुढं धरला. म्हणाले, "घे गड्या. टाकीच्या जेवणाचा पहिला चहा."

समोर खुर्चीत माझे वडील बसले होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, कपाकडे पाहत होते. कपाच्या कानाला धरलेल्या सरांच्या हाताकडे पाहत होते. त्यांच्यामागं भावकी. माझा हात वर गेला तो कपाकडे गेलाच नाही, छातीशी आला. मी म्हणालो, "सर, आज माझा सोमवार आहे. उपास."

मग बायकांच्या घोळक्यातून आमच्या शेजारची आक्का मोकळ्या मनानं ओरडली, "आवं प्रोफेसर, उपासाला च्या चालतो की! आमी काय बिनच्याचं सोमवार धरतो व्हय?"

सगळं पटांगण हसलं. आक्काला काही सुचवायचं नव्हतं. ती खरंच मला मदत करत होती. पण त्या हसण्यात माझं खोटं सगळ्यांना समजलं. मागून कोणीतरी म्हणालं, "ज्येंच्याकडं डिगऱ्या हायत, त्येच पीईनात. आपुन कशाला प्यायचा?" सुभेदार चुलते पुढं आले, त्यांनी कप घेतला, एका दमात संपवला आणि मिशा पुसून म्हणाले, "पल्टनीत ह्याच्यापेक्षा लय वंगाळ प्यालोय!" लोक आणखीच हसले. तेवढ्यानं राहिलंसाहिलंही गेलं.

पुढं काही मोठं भांडण झालं नाही. पालक येऊन "आमचं पोर त्या गॅसवरचं खायाचं न्हाई" असं सांगून गेले. आचाऱ्यानं चूल पेटवली. गॅस भरला की वर उचलला जाणारा टाकीवरचा ड्रम रिकामा खाली बसला तो बसलाच. पुढल्या पावसाळ्यात त्याला गंज चढला. कॉलेजनं विषय बंद केला.

त्या सोमवारी गावाहून परतताना एस.टी.त सर खिडकीशी बसले होते. विटा गाव मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "एक विचारू? रागावू नकोस. तो चहा टाकीचा होता म्हणून नाही घेतलास, की माझ्या हातचा होता म्हणून?"

मी लगेच म्हणालो, "टाकीचा. ऐनवेळी कसंसंच झालं, सर."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "किळस हा शास्त्राचा प्रश्न आहे. त्यावर काम करता येईल."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा मोठं होतं. त्याच टाकीचा, त्याच शेगडीवरचा, त्यांच्याच हातचा चहा माधवनगरच्या त्या घरात मी कितीदा प्यालो होतो. कसंसं कधी झालं नव्हतं. वहिनींच्या हातची भाकरी मागून खाल्ली होती. पण ते सगळं सांगलीत, माझ्या गावाच्या डोळ्यांआड. मी टाकीला भ्यालो नव्हतो, वडिलांच्या नजरेला भ्यालो होतो. आणि ती नजर कपावर नव्हती, हातावर होती. हे एक वाक्य मला त्या एस.टी.त बोलता आलं असतं. मी सांगलीपर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

माणसानं खोटं उत्तर दिलं की त्याची फळं त्यानंच भोगावीत. माझ्या उत्तराची फळं सरांनी भोगली. त्यांनी राहिलेली सगळी वर्षं त्या उत्तरामागं घातली. गॅसमधून मैल्याचं काही म्हणजे काहीही शेगडीपर्यंत येत नाही, हे ते सिद्ध करत बसले. गॅस पाण्यातून काढायचा, ते पाणी तपासायचं. चुन्यातून काढायचा, पुन्हा तपासायचं. टाकीतून बाहेर पडणारा रबडा वाळवायचा, त्यात जंतू उरतात का पाहायचं. कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या परीक्षानळ्या धूत असे. ते उत्साहानं सांगत, "आता तुझ्या गावाला कागदावर दाखवू. मग तुझ्याही पोटाची भीती जाईल." मी नळ्या विसळत असे. ज्या प्रश्नाचं उत्तर ते शोधत होते तो प्रश्न कुणाचाच नव्हता, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आज, उद्या, ही चाचणी होऊ दे, मग सांगू, असं करत मी ते पुढं ढकलत राहिलो.

एक गोष्ट मात्र मी केली. त्यानंतर मी सोमवार खरोखरच धरू लागलो, आणि तोही चहाशिवाय. माझ्या बायकोला वाटे, मी देवभोळा झालोय. देवाचा त्यात काही संबंध नव्हता. निदान एक खोटं तरी खरं व्हावं, एवढंच होतं.

दशक संपायच्या आत सरांना कावीळ झाली आणि अंगावर काढता काढता ती वाढली. दवाखान्यात मी शेवटचं भेटलो तेव्हा त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आज सगळं सांगायचंच, असं ठरवून मी गेलो होतो. मी काही बोलण्याआधी त्यांनीच विचारलं, "टाकी जेवली का?" त्या दिवसांत घरचे सगळे दवाखान्यातच होते, टाकीकडे कोणी फिरकलं नव्हतं. मी म्हणालो, "जेवली, सर." ते समाधानानं हसले. मी सांगायला आणलेलं तसंच घेऊन परतलो. दोन दिवसांनी ते गेले.

काही दिवसांनी मी वहिनींना भेटायला माधवनगरला गेलो. या वेळी दारात कोणी "आधी मागं चला" म्हणालं नाही. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो. भिंतीजवळ सरांची सायकल उभी होती. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. गिरणीचा भोंगा झाला तशा त्या ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, "भावजी, नुसतंच पाणी देतेय, वाईट वाटून घेऊ नका. आज सोमवार ना? ह्यांनी त्या तुमच्या गावाहून आल्यावर मला बजावून ठेवलं होतं, त्याला सोमवारी चहा विचारू नकोस, तो कडक उपास करतो म्हणून. कोणी चेष्टा केली तर त्यांना राग यायचा. म्हणायचे, माझा मित्र उगाच 'नाही' म्हणणार नाही."

एस.टी.त मी किळसेचं कारण दिलं होतं; घरी मात्र सरांनी माझा उपासच खरा म्हणून सांगितला होता. मी तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं सांगायचं होतं, पण तोंडातून बाहेर पडलं ते आक्काचं वाक्य.

"वहिनी, उपासाला चहा चालतो. मला इथला चहा द्या."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना किती कळलं, मला माहीत नाही. मग पदरानं डोळे पुसून त्या उठल्या. मी शेगडीकडे पाहत होतो. त्यांनी तिला हात लावला नाही. कोपऱ्यातला रॉकेलचा स्टोव्ह पुढं ओढला आणि त्याला पंप मारू लागल्या.

"करते की," त्या म्हणाल्या. "पण यावरच करावा लागंल, भावजी. हे गेल्यापासून टाकी उपाशी आहे."